लेकींची पाकिटं

राखीनं दोन वर्षं नात्यागोत्यात फिरून घराण्याच्या सहा पिढ्या जुळवल्या. माणसामागं एक पाकीट, आत कागद, वर कागद देणाऱ्याचं नाव.

छापायच्या आधी वंशावळ बघायला गुंद गावच्या घरी सगळे जमले. भिकाजीकाकांच्या कपाळाला आठी पडली. "पोरींची नावं काढ. लग्न झालेल्या लेकी आपल्या न्हाईत."

"बरं," म्हणून राखीनं फाईल उघडली. "आजोबांचा शाळेचा दाखला गणेशगुडीच्या आत्यानं जपलेला. पणजोबांचा जमिनीचा उतारा बाजारकुणंगला दिलेल्या आज्जीच्या ट्रंकेतला." लेकींनी दिलेलं एकेक पाकीट ती सगळ्यांसमोर काढून आपल्या पिशवीत भरत गेली.

फाईलीत काकांनी स्वतःचं दिलेलं तेवढं पाकीट उरलं. ते तिनं त्यांच्या हातात दिलं.

"हाय एवढंच, काका. छापू?"