हजेरी

सोनियाला नेमकी साहेबरावांच्या नंतरची चिठ्ठी निघाली.

"झालं," मुक्ताबाई म्हणाल्या. "पुरणपोळीची पंगत उठल्यावर कण्या वाढायच्या आता."

सोनिया कसंनुसं हसली. आठवडाभर ती मुक्ताबाईंच्या सिडकोतल्या घरी उतरली होती. रोज सकाळी गच्चीवर जाऊन एकच कथा मोठ्यानं म्हणायची आणि मुक्ताबाई मेथी निवडता निवडता ऐकायच्या. विश्वस्नेह मंडळाच्या शाखा देशोदेशी होत्या, पण मराठी कथाकथनाची स्पर्धा भरायची ती फक्त छत्रपती संभाजीनगरच्या मेळाव्यात. सकाळी रक्तदान, मग झाडं लावणं, जेवणं आणि दुपारी ही स्पर्धा. मंडळाच्या कुठल्याही सदस्याला भाग घेता यायचा. जो जिंकेल त्यानं एक ठिकाण सांगायचं. मंडळ तिथं पुस्तकं पाठवायचं आणि शिकवायला माणूसही. परीक्षकांना आपलं-परकं करता येऊ नये म्हणून स्टेजवरून नुसतं नाव पुकारत. गाव कोणतं, हे निकालानंतर.

साहेबराव मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, फुलंब्रीचे. दरवर्षी ढाल तेच घेऊन जायचे. यंदा त्यांना गावातल्या वाचनालयासाठी जिंकायचं होतं.

ते स्वतःच तिच्याजवळ आले. "पोरी, मघाशी तुला बोलताना ऐकलं. मराठी चांगली हाय, पण जरा पुस्तकी वाटती. कोकणातली का तू?"

"मूळ तिकडचेच आम्ही. पणजोबांच्याही आधी कुणीतरी उसाच्या कामाला निघालं, ते तिथंच राहिलं."

"व्हय, पोट नेईल तिकडं माणूस जातं. घाबरू नको. लोक लई चांगले हायत इथले."

मग ते स्टेजवर गेले. हरवलेल्या रेड्याची गोष्ट त्यांनी अशी रंगवली, की पहिल्या रांगेतलं जर्मन जोडपं आणि त्यांच्या शेजारचे जपानी पाहुणेसुद्धा पोट धरून हसले. मंडळाची कार्यकर्ती अमृता त्यांना इंग्रजीत सांगत होती, पण तिलाच हसू आवरेना. टाळ्या थांबता थांबेनात.

सोनियाचं नाव पुकारलं गेलं. मुक्ताबाईंनी फोन समोर धरला. व्हिडिओ कॉलवर पलीकडे तिचे बाबा ऐकत होते.

तिनं मान वर केली आणि सुरुवात केली.

"आमच्या गावाला चारी बाजूंनी ऊस. बाबा साखर कारखान्यात कामाला. शनिवारी सुट्टी असली की घरामागच्या खोलीत मराठीची शाळा भरवायचे. सुरुवातीला खोली भरायची. मग लोक म्हणायला लागले, मराठी शिकून पोटाला काय मिळणार? एकेक पोर गळालं. एका शनिवारी मी एकटीच उरले.

बाबा खुर्चीवर बसले. सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी नेहमीसारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली. शिवम. कुणीच नाही. अपेक्षा. कुणीच नाही. मला ते ऐकवेना. तिसऱ्या नावाला मी आवाज बदलून म्हणाले, हजर. चौथ्याला वेगळा आवाज काढला. बाबांनी मान वर केली नाही. पुढची नावं घेत राहिले आणि भरलेल्या वर्गाला शिकवावं तसं मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेले. म्हटलं, तुमची हजेरी लागली आहे. आता आला नाहीत तर माझी चोरी उघडी पडेल. पुढच्या शनिवारी पोरं आली. माझ्यावर उपकार करायला आली आणि राहिली."

सभागृहात हशा पिकला. सोनियाला मात्र पुढचं बोलता येईना. गच्चीवर हा भाग कधी अडला नव्हता. ती घोटभर पाणी प्यायली.

"त्याला वीस वर्षं झाली. ती पोरं मोठी झाली, कामाला लागली. इकडे येण्याआधीच्या शनिवारी खोलीत पुन्हा एकच मुलगी होती. बाबांनी तरी हजेरी घेतली. किसन." ती थांबली. "मीनाक्षी." पुन्हा थांबली. "यशवंत."

शांततेत स्पर्धकांच्या बाकावरून खर्जातला आवाज आला. "हजर."

साहेबराव उभे राहिले होते.

सोनियानं पुढचं नाव घेतलं. मागच्या रांगेतून वाळूजच्या कंपनीतली पोरं एकदम म्हणाली, "हजर." त्यापुढच्या नावाला मुक्ताबाई. मग कुठल्या नावाला कोण ओ देतंय ते कळेनासं झालं. जर्मन बाईंनी अमृताला काहीतरी विचारलं आणि हात वर करून मोडक्या उच्चारात त्याही म्हणाल्या, "हाजर."

परीक्षकांना फार वेळ लागला नाही. ढाल सोनियाला मिळाली. फोनवरचे बाबा चष्मा काढून डोळे पुसत होते आणि मुक्ताबाई त्यांना दटावत होत्या, "रडू नका हो, पोरगी बघतीया."

ती पायऱ्या उतरत होती तोच साहेबराव आडवे आले.

"सर, तुमचं वाचनालय राहिलं," ती म्हणाली.

"ते पुढच्या वर्षी बघू. आधी माझं ऐक. मंडळ शिकवायला माणूस पाठवणार ना? तो मी. मोकळाच हाय आता. मंडळाला सांगून टाकतो, दुसरा शोधू नका म्हणून."

"खरंच याल?"

"येणार म्हंजे येणार. उभी नोकरी फुलंब्री ते शहर येजा करण्यात गेली, प्रवासाचं आपल्याला काय नाय. मुक्काम पडला तरी चालंल, पिठलं-भाकर माझी मी करून खातो."

मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर टेकवलं.

"गावाचं नाव सांग, आणि तिकडं जाणारी यष्टी कुठून सुटती तेवढं सांग."

"एसटी नाही जात हो तिथं, सर," सोनिया म्हणाली. "मुंबईहून विमान पकडावं लागेल. आमचं गाव मॉरिशसला आहे."