चितळ छाप

चामोर्शीच्या गुणवंतरावांनी आपल्या बिडीचं 'चितळ छाप' हे नाव सरकारदरबारी नोंदवून घेतलं आणि पोटच्या लेकीसारखं जपलं. पण लोक कुठलीही बिडी 'चितळ' म्हणूनच मागायला लागले. मग गुणवंतराव दर बाजाराला दुकानदारांशी भांडत, "हरेक बिडी चितळ नाई, भाऊ. मी बनवतो तेच चितळ. लोकायले दुसरी काऊन देऊन राह्यला?" दुकानदार मान डोलवत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाती लागेल ते बंडल देत.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात, ऐन तेंदूपानाच्या हंगामात, गुणवंतराव गेले. दहाव्याला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावानं कारखाना चालवायचा शब्द दिला, लेकानं आईला सांभाळायचा दिला, तरी कावळे झाडावरून हलेनात.

शेवटी त्यांची बायको भागीरथाबाई म्हणाली, "त्यायचा जीव चितळमंदी अटकला असन. एक पेटवून ठेवा."

धाकटा दीर सोमाजी देवळाजवळच्या दुकानातून चितळ मागून घेऊन आला. त्यानं एक बिडी पेटवून पिंडाजवळ ठेवली आणि बंडल वहिनीच्या हातात दिलं. जन्मभर चितळाची लेबलं चिकटवलेल्या भागीरथाबाईनं बंडल उलटून पाहिलं. त्यावर पोपट होता. सोमाजीला परत पाठवावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

 

तेवढ्यात कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.