कडेला मांडलेली डोकी

"विहीणबाई, द्या इकडे, मीही हात लावतो," म्हणत होणारे व्याही बाह्या सरसावून ओट्याशी आले. "पण सांभाळून घ्या हं! लाकडाच्या वखारीत जन्म गेला माझा. कोळंबी फक्त ताटात पाहिलेली."

ती हसली. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लेक आणि होणारा जावई कोपऱ्यावर पाव आणायला गेले होते. तव्यात लोणी वितळलं होतं, ठेचलेला लसूण त्यात पडला होता. कोळंबी साफ झाली की दहा मिनिटांत जेवण.

व्याह्यांनी डोकं पिळून काढलं, अंगठ्याने साल उतरवली, पाठीतला काळा दोरा एका ओढीत बाहेर. मग दुसरी, तिसरी. नवख्याचा हात भलताच चालत होता. तिला कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी एक डोकं ताटाच्या कडेला ठेवलं, मिश्या भिंतीकडे करून. मग आणखी एक. तोंडाने लग्नाच्या गप्पा चालूच होत्या. तिने मनात मोजलं. दर विसाव्या कोळंबीचं डोकं कडेला जात होतं.



कोळंबी सोलायच्या कारखान्यात ती अकरा वर्षं दिवसपाळीला होती. रात्रपाळीच्या मुकादमाचं तोंड दिवसपाळीच्या बायकांनी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी टेबलाच्या कडेला त्याची मोजणीची डोकी तेवढी दिसायची, दर विसांमागे एक, मिश्या भिंतीकडे केलेली. तिचा नवरा रात्री तिथेच माल लावायचा. एका सकाळी तो कोल्ड रूममध्ये सापडला. दाराला बाहेरून कडी होती आणि मुकादम पसार झाला होता. 'झोप लागली असेल, कळलंही नसेल त्याला,' असं सगळे म्हणाले. त्या एका वाक्याच्या आधारावर तिने लेक वाढवली होती.

लसूण करपायला लागला. तिने गॅस बंद केला. एक कोळंबी सोलली आणि तिचं डोकं व्याह्यांच्या तीन डोक्यांशेजारी ठेवलं, मिश्या भिंतीकडे करून.

व्याह्यांचा हात जागीच थांबला.

"हे... हे कुठे शिकलात?"

"शिकले नाही. अकरा वर्षं रोज सकाळी पुसून काढत होते. शेवटची पुसली, तेव्हा माझ्या नवऱ्याला बाहेर आणत होते."

जिन्यात लेकीचं हसणं ऐकू आलं. व्याह्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे. ते मटकन स्टुलावर बसले.

"ठोकल्यासारखा आवाज येत होता, विहीणबाई," ते पुटपुटले. "मला वाटलं, मशीन असेल. पहाटेपर्यंत येत होता."