दोनशे बारा पानं

सरकारी धोरणांचे जुने अहवाल दहा वेबसाइटवर विखुरलेले असतात, आणि कुठला कधी गायब होईल याचा नेम नसतो. ते शोधून एका जागी नीट लावून ठेवणं, हे आमचं काम.

"या पाणी धोरणाच्या दोन प्रती सापडल्यात," सर म्हणाले. "स्वच्छ आहे ती ठेव. दुसरीत पानापानावर स्कॅन करणारीचा अंगठा आलाय, ती उडव."

"तीही राहू दे ना, सर."

"अगं, मजकूर तोच आहे! ते अंगठे कोण बघत बसणार?"

नखावरची ती आडवी चीर मी कुठेही ओळखली असती. त्याच अंगठ्याने आई माझ्या गालावरची शाई पुसायची. मी तिसरीत असताना गेली. कामावरच, स्कॅनिंगच्या मशीनपाशी.

"बरं, ठेव," सर वैतागून म्हणाले. "पण शेवटपर्यंत तपास. मधली पानं गळलेली नकोत."

मी एकेक पान तपासलं. गळलेलं एकही नाही. दोनशे बारावं तेवढं जरा तिरकं आलंय. दोनशे तेरावर अंगठा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.