बैलांची चाल

“माझ्याच गाडीचा मंच करायचा, आणि मीच तोंड शिवून बसायचं!” हेर्शको दातओठ खात म्हणाला.

“तोंड उघडलंत तर गाडीसुद्धा जाईल,” पॅलेस्टाईनमधल्या त्या यहुदी वसाहतीचा सेक्रेटरी ग्लुकमान म्हणाला. “यहुदी राष्ट्राचं गीत आहे ते. आशेचं गीत. आणि तुम्ही ते बैलापुढे आळवता?”

“चाल बैलांचीच आहे, सेक्रेटरीसाहेब. मोल्दाव्हियात आमचे गाडीवान हीच म्हणायचे. शब्द तुम्ही मागाहून चिकटवलेत.”

“बैलांपुढे ते गायचं नाही, असा कमिटीचा ठराव झालाय.”

ठराव झोयान बैलाला कोण समजावणार? डोळे गेल्यापासून त्याला ना कासरा कळे ना चाबूक. ती चाल कानावर पडली की मात्र जोडीदारालाही ओढत सरळ विहिरीची वाट धरायचा. बंदी आली आणि तो जागचा हलेना. आता जाफा शहरातून बोलावलेला खाटीक समारंभ उरकायची वाट बघत दोर घेऊन बसला होता. हेर्शकोचं डोकं भणभणत होतं. अकरा वर्षं ज्यानं विहिरीचं पाणी ओढून गावाची पिंपं भरली, त्याची ही किंमत!

सकाळी चौघांनी मागून ढकलत गाडी चौकात आणली होती. जू सोडलं तर ती पुढे कलंडेल, म्हणून बैल तसेच जुंपलेले. वर वसाहतीला पैसा पुरवणारे, रशियातल्या ओदेसाहून आलेले पाहुणे काळ्या कोटात उभे. ते तासभर बोलले. मग ग्लुकमाननं हात वर केला आणि सगळं गाव ताठ उभं राहून तेच आशेचं गीत गाऊ लागलं.

झोयाननं कान टवकारले. मान खाली घालून जुवाला खांदा भिडवला.

गाडी हलली. पाहुणे धपकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरून राहिले.

“हेर्शको, धरा त्याला!” ग्लुकमान ओरडला. “अरे, गाणं थांबवा कुणीतरी!”

कोणी थांबेना. राष्ट्राचं गीत मध्येच तोडणार कोण?

खाटीक हसत हसत दोर गुंडाळू लागला. हेर्शको मात्र हसला नाही. हाताची घडी घालून तो उभा होता.

“मी तोंड उघडलेलं नाही,” तो म्हणाला. “नीट बघून घ्या. गप्प बसवायचंच असेल, तर आता तुमच्या राष्ट्राला बसवा.”

ग्लुकमाननं मागे वळून पाहिलं. गाडी विहिरीच्या रस्त्याला लागली होती, आणि गावानं दुसरं कडवं धरलं होतं.