डावा हात

“सतरा सत्ते किती?” तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, आणि पाचवीच्या अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

साहेब खूश. त्यांना काय ठाऊक, शिवदास सरांनी आठवडाभर तालीम घेतली होती! हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. सर उठवणार फक्त उजव्यांतल्याला. “डावेवाल्यांनो, घाबरू नका, तुमच्याकडे मी बघणारसुद्धा नाही,” असं वर प्रेमाने सांगून झालं होतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जयमालाने ती तालीम चुलीपाशी बसून रोज ऐकली होती. आज ती खिडकीतून बघत होती. तिच्या अमिषाचा डावा हात वर होता.

सरांनी हर्षदला उठवलं. त्याचा उजवा हात छान ताठ होता, पण उत्तर काही फुटेना. तेवढ्यात शेजारी बसलेल्या अमिषाचे ओठ हलले.

“एकशे एकोणीस!” हर्षद ओरडला. टाळ्या पडल्या. अमिषानेही वाजवल्या.

जयमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टी होताच तिने पोरीला बाजूला ओढलं.

“त्याला उत्तर कुनी सांगितलं?”

“मी.”

“मंग डावा हात कशाला वर केलास, बये?”

“मी डाव्यातली हाय ना,” अमिषा म्हणाली. कुणी गाव विचारावं आणि सांगावं, इतक्या सहज.

“कुनी सांगितलं तुला?”

“कुनी न्हाय. मला म्हाईत हाय.”

कुणी सांगितलं असतं, तर जयमालाने त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. आता सोलायचं कुणाला? हातातली पळी तशीच घेऊन, पोरीचं मनगट धरून ती तरातरा ऑफिसात शिरली. साहेब शहाळं पीत होते.

“साहेब, माझ्या पोरीला विचारा. आत्ताच्या आत्ता विचारा!”

“जयमालाताई, नंतर बोलू,” सर घाईघाईने उठले.

“नंतर न्हाय! आठ दिस आयकतेय मी तुमचं डावं-उजवं. लाज न्हाय वाटत?”

साहेबांना डावं-उजवं काही कळलं नाही, पण बाईच्या हातात पळी होती. त्यांनी शहाळं खाली ठेवलं. “बरं. सांग बाळ, सोळा नव्वे?”

“एकशे चव्वेचाळीस.”

बोटं नाहीत, पुटपुटणं नाही. साहेब हसले. “वा! हुशार आहे की पोरगी.”

जयमालाने सरांकडे असं पाहिलं, की त्यांची मान खाली गेली.

अमिषानेही ती खाली गेलेली मान पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईच्या हातातून मनगट सोडवून घेत ती सरांपुढे जाऊन उभी राहिली.

“सर, चुकून आलं,” ती म्हणाली. “परत न्हाय करनार.”