उताराचा सांधा

सांधा पुन्हा गळत होता.

महांतप्पानं चरात उतरून नळाखाली हात घातला. मनगटावरून पाणी ओघळलं. वर उभ्या असलेल्या दुकानदारांपैकी कुणीतरी हसलं.

"ओव्हरसियर साब, नळ बसवायलाव का कारंजं?"

महांतप्पानं पुन्हा सांधा चाचपला. धाराशिवच्या पेठेखालचे जुने खापरी नळ काढून बिडाचे, ओतीव लोखंडाचे, बसवायचं काम त्याच्याकडं होतं. खापरं जागोजाग फुटली होती आणि शेजारच्या मोऱ्यांची घाण त्यांत शिरत होती. मागच्या उन्हाळ्यात पटकीनं पेठेतली माणसं गेली, तेव्हा कुठं सरकार हललं. बिडाचे नळ आले, पण सांध्यांत ओतायला शिसं नव्हतं. सगळं शिसं लढाईवर गेलेलं. मग डांबरात भिजवलेला ताग ठोकून सांधे भरायचे. बाकी सगळे सांधे कोरडे राहिले. पेठ संपून उतार लागतो तिथला हा एकच ऐकत नव्हता.

सकाळी पाणी बंद करून तो भरायचा. संध्याकाळी पाणी सोडलं की गळायचा. तोवर चर बुजवता येत नव्हता. गाड्या अडायच्या, शेळ्या पडायच्या आणि शिव्या महांतप्पाला बसायच्या.

घरी गेलं की आई बसलेलीच. मल्लम्मा शिवाशिवीची भारी कडक. तिच्या पूजेच्या पाण्याला सुनेचाही हात लागलेला चालायचा नाही.

"विहिरीत कुणाकुणाचे पोहरे पडत्यात," ती म्हणायची. "मला दारात नळ पायजे. कवा आणतूस?"

"आणतो की अव्वा. तेवढा सांधा बसू दे."

"एक सांधा बसंना व्हय रं तुला? कसला सायेब तू!"

असं टाकून बोलायची, पण दुपारी त्याची भाकरी घेऊन कामावर स्वतःच यायची. गाठोडं ठेवायची, चराकडं बघून नाक मुरडायची आणि निघून जायची.

उताराच्या खाली, गावकुसाबाहेर एक वस्ती होती. काम सुरू झालं तेव्हा तिथली प्रेमाबाई दोघीतिघींना घेऊन आली होती. चार हात लांबच उभी राहिली.

"सायेब, खापरं झिरपत्यात म्हणून खालच्या खड्ड्यात पाणी साचतंय. आमी त्येच भरतो. विहिरीवर आमाला कुणी चढू देत न्हाय. ह्यो लोखंडाचा नळ झिरपंल का?"

"न्हाय. त्यासाठीच तर बसवायलोय."

"मग आमाला पाण्याची एक चावी बसवून द्या की."

"नकाशात तुमची वस्ती न्हाय, बाई."

ते खरंच होतं. वर अर्ज करावा असं त्याच्या मनात आलं होतं. मग काम अंगावर पडलं आणि राहून गेलं.

एका सकाळी चराच्या तळाशी त्याला तागाचा डांबरट झुबका सापडला. त्यानं तो बोटांनी उकलून बघितला. ताग आपोआप निसटला नव्हता. कुणीतरी तो सांध्यातून उपसून काढला होता.

त्याच्या डोक्यात सणक गेली. मजुरांत त्या वस्तीतला एकच होता, लिंबाजी. महांतप्पानं त्याला सगळ्यांसमोर उभा केला.

"कोण उपसतंय ह्ये?"

"मला ठावं न्हाय, सायेब."

"तुझ्याच वस्तीतलं कुणीतरी असणार."

"असंल बी. पर म्या न्हाय."

"उद्यापासून येऊ नको."

लिंबाजीनं कुदळ खाली ठेवली, हात झटकले. "ठावं असतं तरी सांगितलं नसतं," तो म्हणाला आणि उतार उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सोडलं. सांधा गळला.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांची मोटर पेठेच्या तोंडाशी येऊन अडली. साहेबांना उतरून चिखलातून चालत यावं लागलं. चराच्या काठावर उभं राहून त्यांनी बुटांकडं बघितलं, मग महांतप्पाकडं.

"उद्या शामपर्यंत चर बुजला पाहिजे. नाही बुजला, तर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल."

"हुजूर, कुणीतरी जाणूनबुजून..."

"बहाणे नकोत."

दुकानदार ऐकत होते. या वेळी कुणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मजुराच्या हातून हातोडी घेतली आणि सांधा स्वतः भरला. तळहाताला फोड आले. दुपारी मजुरांबरोबर तो लिंबाखाली जेवायला निघाला, पण भाकरीचं गाठोडं न सोडताच गुपचूप माघारी आला. उरलेल्या नळांची चळत रस्त्याकडेला होती. तिच्याआड तो बसला.

ऊन रणरणत होतं. दुकानांवर गोणपाटाचे पडदे सोडलेले. लोखंड तापून पाठीला चटके बसत होते, पण तो हलला नाही. सापडेल त्याला तसाच ओढत चावडीवर नेणार होता. आधी दोन मुस्काडात देणार होता. दुकानदारांच्या शिव्या, साहेबांचे बूट, हातावरचे फोड, सगळ्याचं उट्टं तो आज काढणार होता.

चरातून खरवडल्याचा आवाज आला.

महांतप्पा धावला आणि वरूनच चरात उडी टाकली. नळावर वाकलेल्या माणसाचं मनगट त्यानं मागून पकडून पिरगाळलं. विळा चिखलात पडला. मारायला उचललेला त्याचा हात तसाच वर राहिला.

"हात सोड, महांता," मल्लम्मा म्हणाली. "सांजच्याला वस्तीतल्या बाया घागरी घिऊन खड्ड्यावर येतील. आजून निम्मा ताग निघायचाय."